सुईणबाईंचं लग्न साडेचार तास लांबलं

लग्नाच्या दिवशी सुईणबाई सकाळपासून हसत होत्या. का हसताय म्हणून विचारलं तर सांगता येत नव्हतं. दात घासताना हसू, केस विंचरताना हसू, आरशात स्वतःचं तोंड दिसलं की त्याहून जास्त हसू. लेकीनं त्यांच्या नव्या जांभळ्या पोशाखाची बटणं लावायला घेतली तेव्हा तर त्यांचं पोट इतकं गदगदायला लागलं की सगळी बटणं एकेक भोक सोडून लागली आणि गळ्याशी एक उरलं.

"आई, तू बावन्न वर्षांची आहेस," लेक म्हणाली.

"म्हणून तर," सुईणबाई म्हणाल्या, आणि पुन्हा सुटल्या.

त्यांचं हसणं तसं गावाला नवीन नव्हतं. टेकडीच्या पायथ्याशी त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना, त्यात एक खाट, एक वजनकाटा आणि भिंतीला टेकलेली बाकं. सत्तावीस वर्षं त्या तिथे बाळंतपणं करत होत्या. पहिलटकरणी यायच्या त्या घाबरून, पाय पोटाशी ओढून, पण बाईंनी दोन वाक्यं बोलून खुदकन हसावं की पोरींचे खांदे सैल पडायचे. बाईंची जीभ गप्पा मारत असे तेव्हा हात मात्र आपलं काम करत असत. टेप लावून पोटाची उंची मोजायची, बोटांनी चाचपून बाळाचं डोकं कुठे, पाठ कुठे ते शोधायचं. चार वर्षांपूर्वी गादीवाल्याच्या बायकोला त्यांनी असंच हसता हसता सांगितलं होतं की बाळ उलटं बसलंय, डोकं अजून वरच आहे, तेव्हा घरी बाळंत व्हायचा विचार सोडा आणि मोठ्या हॉस्पिटलात नाव घाला. पोरगी पायाळूच जन्मली, पण डॉक्टरांच्या हाताखाली, सुखरूप. तेव्हापासून गादीवाला बाईंचा शब्द खाली पडू देत नसे. आणि आज तर तो त्यांचा दीरच व्हायचा होता, कारण नवरदेव म्हणजे त्याचा थोरला भाऊ, चौकातला घड्याळजी.

त्याचं असं झालं. बाईंच्या छातीवर एक घड्याळ उलटं टाचलेलं असायचं, बाळाच्या हृदयाचे ठोके मोजायला सेकंदकाट्याचं. ते एकदा खरोखर बंद पडलं. घड्याळजींनी ते एका दिवसात दुरुस्त करून दिलं. पंधरा दिवसांनी बाई पुन्हा दुकानात. म्हणे मागे पडतंय. पुढच्या महिन्यात पुन्हा. म्हणे पुढे जातंय. चौथ्या वेळेला घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून बराच वेळ ते निरखलं आणि हळूच म्हणाले, "बाई, ह्याला काही झालेलं नाही."

"मग ठोके का चुकतायत?" बाई बोलून गेल्या. आपण काय बोललो ते कळल्यावर त्यांना जे हसू फुटलं ते दुकानातली सगळी घड्याळं टोले देऊन थांबली तरी थांबेना.

घरी वन्संनी सगळं ताडलं. वन्सं म्हणजे बाईंच्या पहिल्या नवऱ्याची थोरली बहीण. भाऊ गेल्यापासून अकरा वर्षं ती वहिनीजवळच राहत होती. बासष्ट वर्षांची, एकशिवडी, जिभेनं तिखट. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस, तिनं स्पष्ट विचारलं. मग घरातलं चांगलं चालणारं भिंतीवरचं घड्याळ उतरवून स्वतःच दुरुस्तीला घेऊन गेली, तासभर त्या माणसाची उलटतपासणी घेतली आणि परत येऊन म्हणाली की माणूस सरळ आहे, कमी बोलतो, तुझ्यासमोर त्याला बोलायला मिळणारही नाही, उडवून दे बार.

तर लग्न नोंदणी कचेरीत बारा वाजता होतं. पण परवा बाळंत झालेल्या एका मुलीचं दूध नीट उतरतंय की नाही ते बघायला बाई नवऱ्या मुलीच्या थाटातच सकाळी नऊला जाऊन आल्या. लेक चिडली. वन्सं म्हणाली, "उतावळी नवरी गुडघ्याला बाशिंग बांधते ऐकलं होतं, ही गळ्यात नळी अडकवून निघाली." त्या भेटीमुळे तपासणीची बॅग बरोबरच राहिली आणि गादीवाल्याच्या टेम्पोत चढली. टेम्पोत मागे सहा नव्या गाद्या होत्या, लग्नानंतर एका वसतिगृहात पोचवायच्या. पुढे बाई आणि वन्सं, मागे गाद्यांवर नवरदेव आणि लेक, अशी वरात निघाली. प्रत्येक वळणावर गाद्यांचं प्लास्टिक चरचरे आणि बाईंना हसू येई.

कचेरी पहिल्या मजल्यावर होती. एक लांबट खोली, डोक्यावर टकटक करणारा पंखा, लोखंडी कपाट, दोन टेबलं, आणि काचेपलीकडे साहेब. अलीकडच्या टेबलाशी कारकूनबाई बसली होती, अठ्ठावीसेक वर्षांची, आठ महिन्यांची गरोदर. तिच्यापुढे लग्नाचं मोठं रजिस्टर उघडं होतं. बाकावर पुढच्या लग्नाची मंडळी ताटकळत बसली होती. त्यांचा नवरदेव इतका उंच की पंख्याखालून जाताना तो मान वाकवत होता.

कारकूनबाईनं कागद घेतले आणि लिहायला लागली. बाईंचं हसणं चालूच होतं. आधी तिनं बाईंचं नाव नवऱ्याच्या रकान्यात लिहिलं. सगळे हसले. तिनं ते खोडून पुन्हा लिहिलं, पुन्हा नवऱ्याच्याच रकान्यात. सगळे आणखी हसले.

बाई मात्र हसल्या नाहीत.

ते पहिल्यांदा घड्याळजींच्या लक्षात आलं. सकाळपासून कानावर असलेला आवाज अचानक थांबला, म्हणून त्यांनी वळून पाहिलं. बाई टेबलावर किंचित वाकून त्या मुलीकडे बघत होत्या. मुलीच्या पापण्या जड होत्या, गालांचं हाड दिसत नव्हतं. लेखणी धरलेली बोटं फुगून गुळगुळीत झालेली. अंगठी गळ्यातल्या साखळीत ओवलेली. ती मधूनच डोळे मिटून भुवयांमध्ये दाबत होती, मग डावा हात आपोआप उजव्या बरगडीखाली जाऊन बसत होता.

"ताई, अंगठी गळ्यात का घातलीय?" बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"बोटात जात नाही हो आता. ह्या दिवसांत सगळ्यांनाच सूज येते म्हणे."

"पायांना येते. हातातोंडावर सगळ्यांनाच येत नाही. डोकं दुखतंय?"

कालपासून दुखत होतं. बाम चोळला, दोनदा चहा घेतला, उतरलं नाही.

"आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात का?"

मुलगी ओशाळून हसली. "मावशी, खरोखरच चमकतायत. अक्षरांच्या कडेनं ठिणग्या दिसतात. म्हणून तर तुम्हाला नवरा करून टाकलं मी."

बरगडीखाली काय होतंय म्हणून बाईंनी विचारलं, तर ती म्हणाली, पित्त झालंय, सकाळी उलटीही झाली. शेवटची तपासणी कधी झाली? दोन महिन्यांपूर्वी. मग कचेरीत कामाची गर्दी वाढली आणि जाणं राहूनच गेलं. हे सांगताना ती मान खाली घालून बोलली, कारण कुणीतरी आता रागावणार असं तिला वाटलं असावं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी लेकीला एवढंच सांगितलं की पळत जाऊन टेम्पोतली बॅग आण.

बाई चोवीस वर्षांच्या असताना, नुकतं शिक्षण संपलेलं असताना, अशीच एक मुलगी डोकं दुखतंय म्हणून त्यांच्याकडे आली होती. ऊन लागलं असेल, असं म्हणून बाईंनी तिला घरी जाऊन पडायला सांगितलं. संध्याकाळी तिला आकडी आली. ती वाचली, बाळ वाचलं नाही. त्या दिवसापासून पोटुशी बाई डोकं धरून समोर आली की सुईणबाईंच्या आतलं सगळं हसणं एका जागी उभं राहायचं आणि वाट पाहायचं.

लेक बॅग घेऊन आली. बाईंनी मुलीचा दंड फायलींच्या गठ्ठ्यावर, बरोबर छातीच्या उंचीला टेकवला आणि पट्टा गुंडाळला. आकडा आला एकशे बहात्तर, खालचा एकशे चौदा. त्यांनी तोंडावर काहीच दिसू दिलं नाही. जिने चढून, धावपळीनं कधी आकडा उगाच चढतो, तेव्हा पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा बघू, असं त्या म्हणाल्या. पाच मिनिटं घड्याळजींनी मोजली, आणि त्यांनी मोजली म्हणजे ती पाचच होती. पुन्हा एकशे अडुसष्ट, एकशे बारा. कचेरीच्या मोरीत जाऊन लघवी तपासायची पट्टी बुडवली, तर पिवळा कागद बघता बघता हिरवागार झाला. लघवीतून प्रथिनं जात होती. गुडघ्यावर बोटांनी टिचकी मारली तर पाय असा उडाला की समोर उभा उंच नवरदेव मागे सरला.

आता शंका उरली नव्हती. गरोदरपणात कधी कधी रक्तदाब असा चढतो की मूत्रपिंडं, यकृत, डोळे, मेंदू सगळ्यांवर ताण येतो, आणि वेळेत आवरला नाही तर आकडी येते. आईही जाऊ शकते, बाळही.

आवाज ऐकून साहेब काचेबाहेर आले होते. त्यांनी विचारलं, एवढी एक नोंद करून मग गेल्या तर चालेल का, कारण रजिस्टरचं काम ह्यांच्याशिवाय कुणाला येत नाही.

"साहेब, हिला आकडी आली तर ती इथेच येईल, ह्या टेबलाशी," बाई शांतपणे म्हणाल्या. "मला फोन द्या, आणि तो पंखा नि दिवा बंद करा, हिला उजेड-आवाज नको."

साहेबांनी स्वतः उठून दिवा-पंखा बंद केला आणि फोन बाईंच्या हातात दिला. फोनवर रुग्णवाहिकेचं उत्तर आलं, चाळीस मिनिटं लागतील. बाईंनी खिडकीतून खाली पाहिलं. खाली टेम्पो उभा होता. टेम्पोत सहा गाद्या.

मग जे झालं ते त्या कचेरीत पूर्वी कधी झालं नसेल. जिना चालून उतरायचा नाही, असं बाईंनी बजावलं, म्हणून साहेबांची फिरती खुर्ची आली. तिच्यावर मुलीला बसवून एका बाजूनं नवरदेव, दुसऱ्या बाजूनं दुसऱ्या लग्नाचा उंच नवरदेव, मागून साहेब आणि पुढून गादीवाला, असे चौघं तिला उचलून उतरले. नवरदेवांच्या उंचीत हातभराचा फरक, त्यामुळे खुर्ची तिरकी. शिवाय ती फिरती, त्यामुळे प्रत्येक पायरीला मुलीचं तोंड वेगळ्या दिशेला. मधल्या वळणावर तिनं साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि सहा वर्षं तिच्याशी फक्त जावक क्रमांकांबद्दल बोललेले साहेब म्हणाले की तुम्ही काळजी करू नका, रजा मंजूर आहे.

गाद्यांवर तिला डाव्या कुशीवर निजवलं. वन्संनी स्वतःची शाल दोन हातांनी धरून तिच्या डोळ्यांवर सावली केली. घड्याळजी तिचं मनगट धरून नाडी मोजत बसले. बाई उशाशी. लेक पुढे बसून फोनवर मुलीच्या नवऱ्याला शोधत होती. गादीवाल्यानं विचारलं, जोरात घेऊ? बाई म्हणाल्या, झपाझप घे पण हिसका बसता कामा नये, आणि भोंगा अजिबात वाजवायचा नाही. सहा गाद्या असल्यावर हिसका कसला बसतो? रस्ता इतका खड्ड्यांचा, पण वर नुसतं हलकं हेलकावल्यासारखं वाटत होतं.

"मावशी, मी फार उंचावर आहे असं वाटतंय," मुलगी डोळे मिटूनच म्हणाली. "हे पण त्याचंच लक्षण आहे का?"

"नाही गं. तू खरंच उंचावर आहेस. सहा गाद्या आहेत खाली."

मुलगी हसली, आणि बाईंच्याही तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण त्यांनी ते आवरलं.

वाटेतच त्यांचा दवाखाना होता. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंशी फोनवर आकडे बोलून झाले होते, त्यांनी काय द्यायचं ते सांगितलं होतं, आणि दवाखान्यातल्या दुसऱ्या सिस्टरनं सगळं भरून ठेवलं होतं. रक्तदाब उतरवायची गोळी दिली, आकडी येऊ नये म्हणून मॅग्नेशियमची इंजेक्शनं दोन्ही कुल्ल्यांत दिली. ती दुखतात, हे बाईंनी आधीच सांगून टाकलं. गुडघ्याची टिचकी पुन्हा पाहिली, श्वास मोजला, बाळाचे ठोके ऐकले. एकशे चव्वेचाळीस. ठणठणीत. बाकावर तपासणीला बसलेल्या बायका तोंडाचा आ वासून बघत होत्या, कारण बाई जांभळ्या पोशाखात गाद्यांच्या ढिगावरून उतरल्या आणि पाच मिनिटांत पुन्हा ढिगावर चढल्या. एकीनं न राहवून विचारलंच, बाई, लग्न झालं का?

"निम्मं," बाई म्हणाल्या.

हॉस्पिटलच्या दाराशी स्ट्रेचर तयार होतं. फोन आधीच गेल्यामुळे कुणी काही विचारत बसलं नाही, मुलीला सरळ आत नेलं. मग दार मिटलं आणि ही पाच माणसं बाहेरच्या बाकावर ओळीनं बसली. पंधरा मिनिटांनी मुलीचा नवरा धावत आला. तो रंगारी होता, शिडीवरून उतरून तसाच आलेला, कोपरापर्यंत हिरवा. कुणाचे आभार मानायचे ते त्याला कळेना, म्हणून त्यातल्या त्यात नवे कपडे घातलेल्या माणसाचा हात त्यानं दोन्ही हातांत धरला आणि सोडेना. घड्याळजींची बाही मनगटापासून कोपरापर्यंत हिरवी झाली. त्यांनी दुसरा हातही पुढे केला.

साडेतीन वाजता डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. रक्तदाब एकशे अठ्ठेचाळीसवर आला होता, आकडी आली नव्हती, बाळ हलत होतं. आणखी दोन तास स्थिर ठेवून मग ऑपरेशन करून बाळ काढायचं, कारण ह्या दुखण्याचा खरा इलाज बाळ बाहेर येणं हाच. तास-दोन तास उशीर झाला असता तर, असं काहीतरी त्या म्हणायला लागल्या, पण रंगाऱ्याकडे पाहून मध्येच थांबल्या आणि सुईणबाईंना म्हणाल्या, "तुम्ही आता जा. हिनं मला दम भरलाय की मावशींचं लग्न आज झालंच पाहिजे, नाहीतर ती भूल घेणार नाही."

आणि तेव्हा, इतक्या वेळानं, बाईंचं हसणं सुटलं. आधी खुदकन, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी. वन्सं म्हणाली, चला उठा, हे आता रात्रीपर्यंत थांबायचं नाही.

कचेरी पाचला बंद व्हायची. हे सगळे चार वाजून दहा मिनिटांनी जिना चढले, तर साहेब कारकूनबाईच्या टेबलाशी बसलेले. त्यांनी आधी मुलीची चौकशी केली आणि मगच लेखणी उचलली. बारा वर्षांत त्यांनी रजिस्टरमध्ये सहीशिवाय काही लिहिलं नव्हतं. उंच नवरदेवाचं लग्न लावून त्यांचे हात शाईनं भरले होते, आणि एक पान खोडाखोडीनं काळंनिळं झालं होतं. ह्या वेळी त्यांनी जीभ दातांत धरून एकेक अक्षर कोरलं. साक्षीदारांच्या सह्या झाल्या, वन्संची, लेकीची, गादीवाल्याची. मग साहेबांनी चष्मा सावरून नियमाप्रमाणे विचारलं की आपण हे लग्न राजीखुशीनं करताय का.

घड्याळजी हो म्हणाले. बाईंनी तोंड उघडलं आणि त्यातून हसूच आलं. साहेबांनी पुन्हा विचारलं. पुन्हा हसू. तिसऱ्यांदा तर बाईंना टेबल धरून वाकावं लागलं.

"साहेब, ह्यालाच हो म्हणून धरा," घड्याळजी म्हणाले.

"नियमात बसत नाही हो," साहेब अगदी कळवळून म्हणाले. "शब्द कानावर आला पाहिजे."

शेवटी बाईंनी नाक दाबलं, श्वास रोखला, डोळे मिटले आणि एका दमात "हो" म्हणाल्या. साहेबांनी शिक्का मारला. साडेचार वाजले होते.

दिवेलागणीला रंगाऱ्याचा फोन आला. मुलगी झाली होती, एक किलो नऊशे ग्रॅमची, जन्मताच रडली. काही दिवस पेटीत ठेवतील, पण दूध पिईल असं दिसतंय. लग्नाची मंडळी तेव्हा वसतिगृहाच्या दाराशी गाद्या उतरवून घेत होती. गादीवाल्यानं बातमी ऐकली आणि हातातली गादी सोडून मटकन तिच्यावरच बसला.

बाळ झालं म्हणजे धोका टळला असं नव्हे, हे सुईणबाईंना ठाऊक होतं. आकडी बाळंतपणानंतरही येऊ शकते. म्हणून लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वॉर्डात हजर, तिसऱ्या दिवशीही हजर. डोकं दुखतंय का, काजवे दिसतात का, बरगडीखाली कसं आहे, रोज तेच तीन प्रश्न. चौथ्या दिवशी आकडा पुन्हा थोडा चढला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गोळ्या वाढवल्या, आणि बाई त्या दिवशी दोनदा गेल्या. घड्याळजी दुकान बंद करून त्यांना न्यायला यायचे आणि वॉर्डातलं भिंतीवरचं सात मिनिटं मागे असलेलं घड्याळ उतरवून बाहेरच्या बाकावर दुरुस्त करत बसायचे.

दहाव्या दिवशी पट्टा सोडून बाईंनी आकडा वाचला. एकशे चोवीस, ऐंशी. मुलीच्या बोटांची हाडं दिसायला लागली होती, गालही बसले होते, आणि मांडीवर तिची चिमणी लेक घटाघटा दूध पीत होती. पुढच्या खेपेला पहिल्या महिन्यापासून तपासायला यायचं आणि एकही तपासणी बुडवायची नाही, असं बाईंनी तिच्याकडून वदवून घेतलं. रंगाऱ्याकडूनही.

त्यानंतर कुठे नवरा-बायको दोन दिवसांसाठी बाहेर निघाली. बस सकाळी सातची होती. वाटेत डोंगराच्या कुशीत एक मोठं तळं लागतं, ते बाईंना आयुष्यात एकदा पाहायचं होतं, म्हणून त्यांनी खिडकीची जागा मागून घेतली, पिशवी पायाशी ठेवली, काच वर केली. बस स्टँडातून मागे घ्यायच्या आतच त्यांचं डोकं घड्याळजींच्या खांद्यावर पडलं. तीन तास त्या तोंड उघडं टाकून गाढ झोपल्या होत्या. तळं आलं, बराच वेळ खिडकीबरोबर चाललं आणि गेलं. घड्याळजींनी ते एकट्यानंच पाहिलं.

उतरल्यावर बाईंनी डोळे चोळत विचारलं, "अहो, तळं कधी लागणार?"

"परतीला," घड्याळजी म्हणाले, आणि पिशवी उचलली.